दुसरा बार

दुकान महिनाअखेरीस बंद करायचं ठरलं होतं आणि ते माझ्या गुडघ्यांनी ठरवलं होतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं उभ्याने कानस चालवली की गुडघे एक दिवस हिशेब मागतातच. ‘नवीन काम घेतले जाणार नाही’ अशी पाटी बायकोने स्वतःच्या हाताने लिहून दारावर लावली, कारण माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही हे तिला लग्नाच्या वर्षापासून ठाऊक आहे. पाटी लागून तीन दिवस झाले होते, आणि तीन दिवसांत चार गिऱ्हाइकं ती पाटी नीट वाचून आत आली होती.

पाचवी ही बाई. पन्नाशीची, चष्मा, खांद्याला लांबट खाकी पिशवी. आत येऊन तिने दार लावलं, कडी बघितली, दोन पावलं पुढे आली आणि परत जाऊन कडी बघितली. दुपारची वेळ, माझं डोकं आधीच उठलेलं. मी म्हटलं, बाई, दार कुठे पळून जात नाही. ती हसली नाही. पिशवी टेबलावर ठेवली आणि वखारवाल्यांची मुलगी म्हणून स्वतःची ओळख करून दिली.

मला ओळख पटली ती पिशवीची. माणसांचे चेहरे मी विसरतो, बंदुका विसरत नाही. त्यातून वखारवाल्यांची बंदूक म्हणजे विसरण्यातली नव्हतीच.

लोकांना दुनळी म्हटलं की शेजारी शेजारी दोन नळ्या डोळ्यांपुढे येतात. ही वरखाली नळ्यांची. एक नळी दुसरीच्या डोक्यावर बसलेली, त्यामुळे नेम धरताना डोळ्यासमोर एकच रेघ. माझ्या जन्माच्या आधी घडवलेली. घडवणारा कारखाना कधीच बंद पडला, पण बंदूक मिटताना आवाज असा येतो, की जड लाकडी कपाटाचं दार नेमकं चौकटीत बसावं. नव्या बंदुका मिटतात तेव्हा डबा लावल्यासारख्या वाजतात.

अशा बंदुकीचं वय तिच्या कागदावर बघू नये, बंदूक उघडायच्या वरच्या किल्लीत बघावं. नवीन असताना ती किल्ली मिटल्यावरही जराशी उजवीकडे राहते. सांधा झिजत जातो तशी ती मध्यावर येते, आणि मध्य ओलांडून डावीकडे गेली की समजायचं, म्हातारपण आलं. हिची किल्ली अजून केसभर उजवीकडे होती. मी नळ्या उतरवल्या, बोटावर टांगल्या आणि आंगठ्याच्या नखाने टिचकी मारली. घंटेसारखा नाद आला आणि बराच वेळ राहिला. म्हणजे दोन नळ्यांमधला जोड शाबूत. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

बाई म्हणाली, बाबा गेल्या वर्षी गेले. बंदूक आता घरात कुणाला नको आहे. एक जुन्या बंदुका जमवणारे गृहस्थ घ्यायला तयार आहेत, पण त्यांना कारागिराच्या सहीची चिठ्ठी हवी, बंदूक निर्दोष असल्याची.

“तुम्ही मागे एकदा तपासून तसं सांगितलंच होतं,” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, कारण टोमण्याला उत्तर देता येतं.

तेव्हा मला सगळं आठवलं. म्हणजे मला वाटलं, की सगळं आठवलं.

चौतीस वर्षांपूर्वी ती सोळाची होती. गावाबाहेरच्या मैदानावर मातीच्या तबकड्या हवेत फेकून उडवायचा खेळ चाले, आणि त्यात तिने भल्याभल्यांची जिरवली होती. वखारवाल्यांना मुलीचं कौतुक इतकं, की लाकूड विकताना गिऱ्हाइकाला फळीची लांबी सांगण्याआधी पोरीने किती तबकड्या फोडल्या ते सांगायचे. एका सकाळी तिने खालच्या नळीचा बार काढला, तबकडी फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने शिकवल्याप्रमाणे नळीचं तोंड जमिनीकडे केलं आणि मागे उभ्या असलेल्या काकांकडे वळून हसली. बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता मांडीला टेकला. त्याच क्षणी वरच्या नळीचा बार सुटला. काकांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली आणि घोटा कायमचा आखडला.

बंदूक उघडून मोकळी न करता वळली, ही तिची चूक होतीच. ती तिने त्याच दिवशी पदरात घेतली. पण एक गोष्ट ती सारखी सांगत राहिली, की मी चाप एकदाच ओढला. पहिल्या बारानंतर माझं बोट बाहेर होतं.

दुसऱ्या दिवशी वखारवाले बंदूक आणि मुलगी, दोघांना घेऊन माझ्याकडे आले. मी बत्तीस वर्षांचा, नुकतं नाव झालेलं, अंगात रग. या बंदुकीची एक खोड आहे. चाप एकच आणि नळ्या दोन. पहिला बार सुटल्यावर बंदूक जो मागे धक्का देते, त्या धक्क्यानेच आतला एक ठोकळा सरकतो आणि चाप दुसऱ्या नळीला जोडला जातो. रिकाम्या बंदुकीचा चाप कितीही ओढा, दुसरी नळी ढिम्म. नवे मालक घाबरून बंदूक घेऊन येतात, बिघडली म्हणून. मग आम्ही दस्ता तळहातावर आपटून दाखवतो, ठोकळा सरकतो, चाप चालतो आणि गिऱ्हाईक ओशाळून घरी जातं.

मी तसंच केलं. इथेच, या टेबलावर. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला, दस्ता तळहातावर आपटला. चाप न ओढता दुसऱ्या नळीची हातोडी, काडतुसावर आपटून बार काढणारी, जागची हलली नाही. पुन्हा आपटला, पुन्हा तेच. दहा वेळा केलं. मग वखारवाल्यांना म्हणालो, “बंदूक खोटं बोलत नाही.”

म्हणजे कोण खोटं बोलतंय, ते मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली, आणि त्यानंतर, असं मी पुढे ऐकलं, तिने ते ‘चाप एकदाच ओढला’ कधीच उच्चारलं नाही. माझा शब्द तेव्हा काळ्या दगडावरची रेघ होता. मलाही तसंच वाटायचं.

मी तिला दुसऱ्या दिवशी अकराला यायला सांगितलं. जाताना तिने पुन्हा कडीचा तोच प्रकार केला.

ती गेल्यावर मी बंदूक उघडली. चिठ्ठी लिहायची तर आतलं तेल-वंगण बघायला हवं. या धंद्यात एक रिवाज आहे. दस्त्याच्या तळाला पट्टी असते, दोन स्क्रूंची. ती काढली की आतल्या कोऱ्या लाकडावर प्रत्येक कारागीर पेन्सिलीने तारीख आणि केलेलं काम लिहून ठेवतो. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. माझे उस्ताद म्हणायचे, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते सांग, पण बंदुकीला खरं सांग.

पट्टी काढली. वर उस्तादांचं तिरपं अक्षर, दोन ओळी. त्याखाली माझं. अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची तारीख: तपासली, दोष नाही. आणि त्याच्या वर, तीन आठवडे आधीची तारीख, तीही माझ्याच हाताने: चाप हलका केला. दोन्ही खिट्या घासल्या.

मी चष्मा पुसला. मजकूर तोच राहिला.

मग ते चित्र डोळ्यांपुढे आलं. वखारवाले याच स्टुलावर बसून म्हणाले होते, मिस्त्री, पोरीचं बोट नाजूक आहे हो, चाप जरा हलका करा. चाप हलका करायचा म्हणजे हातोडीला अडवून धरणारी जी खिटी असते, तिची धार कानशीने जराशी उतरवायची. किती उतरवायची ते हाताला कळतं. माझ्या हाताला तर सगळंच कळतं, अशी माझी समजूत होती.

आता मी विसरलो होतो, असं म्हणणं सोयीचं आहे. पण चौतीस वर्षांपूर्वी, त्या सकाळी, मी विसरलो नव्हतो. तीन आठवड्यांपूर्वीचं काम कुणी विसरत नाही. मला पक्कं माहीत होतं की खिट्या मी घासल्यात, आणि माझ्या कानशीतून चूक होईल हा विचारच मनाला शिवला नाही. मीच पेपर लिहिला, मीच तपासला आणि शंभर मार्क देऊन टाकले. तळहातावर आपटणं कुठे आणि खऱ्या बाराचा दणका कुठे. बार न काढता, टेबलावरच निकाल दिला.

वरच्या नळीची खिटी काढून भिंगाखाली धरली. धार जवळजवळ उरलीच नव्हती. हातोडी त्या खिटीवर नुसती टेकून राहायची. खऱ्या बाराने ती काठावर यायची, आणि मग मांडीला टेकण्याएवढा धक्काही पुरे. दर वेळी व्हायचं असंही नाही. झिजलेली खिटी नऊ वेळा इमानाने वागते.

रात्री जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, तेव्हा सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, ताट उचललं आणि एवढंच विचारलं, की ती अजून कडी दोनदा बघते म्हणालात ना? मी हो म्हटलं. ती ताट घेऊन आत गेली.

झोप नव्हतीच, त्यामुळे विचार भरपूर झाला. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची, तर काही अवघड नव्हतं. नवी खिटी बसवायची, पट्टी लावायची, सही करायची. बंदूक खरोखरच निर्दोष झाली असती, वखारवाले वर, मी घरी, दुकान बंद. मी फार थकलोय हो, असं मी अंधारात स्वतःलाच सांगत होतो. ते खरंही होतं. पण थकलेल्या माणसाला खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात, आणि तेवढी ताकद माझ्यात राहिली नव्हती.

सकाळी मी तीच जुनी खिटी परत बसवली.

बाई अकराला आली. मी तिला पट्टी काढून तो मजकूर दाखवला आणि खिटीचं सांगितलं. तिने शांतपणे वाचलं. ती नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करते, बारीक अक्षर वाचायची सवय.

“म्हणजे तसं झालं असेल,” ती म्हणाली.

“झालं असेल नाही. तसंच झालं.”

“कालपर्यंत तुम्ही नाही म्हणत होता, मिस्त्री. आज हो म्हणताय.”

तिचं बरोबर होतं. माझ्या शब्दावर तिचं आयुष्य एकदा उलटंपालटं झालं होतं, आता त्याच शब्दावर तिने परत विसंबावं कशाला? म्हणूनच मी सकाळी एकट्याने बार काढून बघितला नव्हता. बघितला असता तर तोही पुन्हा माझाच शब्द झाला असता.

दुकानामागे वाळूचा ढीग आहे, लाकडी ओंडक्यांनी तिन्ही बाजूंनी बांधलेला, बंदुका तपासण्यासाठी. तिला तिथे नेलं. खालच्या नळीत खरं काडतूस घातलं. वरच्या नळीत रिकामं काडतूस, ना दारू ना छर्रे, फक्त बुडाची टोपी. हातोडी पडली तर फट् वाजेल, इजा कुणाला होणार नाही. हे सगळं तिला उघडून दाखवलं आणि बंदूक पुढे केली.

तिने हात मागे घेतला. म्हणाली, चौतीस वर्षं हात लावलेला नाही. बाबा कपाटातून काढायचे तेव्हा मी खोलीबाहेर जायची.

“मी ओढला तर मी सांगणार, आणि तू ऐकणार,” मी म्हटलं. केव्हा अहो-जाहो सुटलं ते मला कळलं नाही. “या खेपेला तूच ओढ.”

तिने बंदूक घेतली. शरीर काही विसरत नाही. खांदा आपोआप पुढे आला, गाल दस्त्याला लागला. तिने वाळूत बार काढला, बोट बाहेर घेतलं, चापाच्या कड्याबाहेर सरळ ताणून ठेवलं, तोंड खाली केलं आणि दस्ता मांडीला टेकवला. काही झालं नाही. बंदूक उघडली. या बंदुकीची आणखी एक खोड म्हणजे उडालेलं काडतूस ती टणकन मागे फेकते आणि न उडालेलं नुसतं उचलून धरते. खालचं काडतूस तिच्या खांद्यावरून मागे उडालं. वरचं जागेवर राहिलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. पाचव्या वेळी मला घाम फुटला, आणि लाज वाटते सांगायला, पण मनाच्या एका कोपऱ्यात आशाही आली, की कदाचित माझी कानस चुकली नसेल. सहाव्या बारानंतर ती म्हणाली, राहू द्या, मिस्त्री, तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय तेच खूप झालं. म्हणजे ती मला माफी देऊन मोकळी होत होती, गुन्हा स्वतःकडेच ठेवून. मी म्हटलं, काडतुसं दोन डझन आहेत.

नवव्या वेळी तिने बार काढला, बोट बाहेर घेतलं, तोंड खाली केलं. दस्ता मांडीला टेकला.

फट्.

आवाज अगदी लहान होता, वाळलेली काटकी मोडावी तेवढा. ती तशीच उभी राहिली. तिची नजर स्वतःच्या बोटावर होती. बोट कड्याबाहेर सरळ, ताणलेलं, पांढरं पडलेलं. मग तिने किल्ली फिरवली, बंदूक उघडली, आणि दोन्ही काडतुसं एकदम तिच्या खांद्यावरून मागे उडाली.

“बोट बाहेर होतं,” ती म्हणाली.

“बाहेर होतं.”

“तुम्ही बघितलंत?”

“बघितलं.”

ती ओंडक्यावर बसली. मला वाटलं रडेल. ती फक्त फार दमलेली दिसली, लांबून चालत आलेल्या माणसासारखी. मग बोलायला लागली. म्हणाली, पहिली दोन वर्षं मला खात्री होती. मग घरात सगळे म्हणायचे, घाबरून ओढला असशील, आठवत नसेल. काका तर कधी रागावलेसुद्धा नाहीत, उलट थट्टा करायचे, की दुसरा बार माझ्या नावाचा होता.

“मग हळूहळू मला आठवायलाच लागलं, मिस्त्री. दुसऱ्यांदा ओढल्याचं. चापाचा गारवा, बोट मागे गेल्याचं, सगळं. जे मी केलंच नाही ते माझ्या बोटाला अजून आठवतं.” तिने बोट पुढे केलं. “याच्यावर माझा भरवसा नाही. गॅस बंद केला तरी तीनदा बघते. कचेरीत एक रेघ मारली की दुसऱ्याला मोजायला लावते. लोक हसतात.”

मी म्हटलं, चूक माझी होती. नुसती खिटीची नाही, नंतरचीही. एवढं बोलायला मला चौतीस वर्षं लागली आणि बोलून झाल्यावर ते किती थोडं आहे ते कळलं.

“बाबांना कोण सांगणार आता?” तिने विचारलं. उत्तर मिळेल अशा अपेक्षेने विचारलं नव्हतं. मी वाळूतली काडतुसं वेचायला वाकलो, कारण वाकल्यावर तोंड दिसत नाही. गुडघ्यातून कळ आली, ती मी येऊ दिली.

आत आल्यावर मी पेन्सिल घेतली आणि दस्त्याच्या लाकडावर, ‘दोष नाही’च्या खाली, आजची तारीख घालून लिहिलं: दोष होता. वरची खिटी मी जास्त घासली. तिने ते वाचलं. मग माझ्या हातातली पेन्सिल मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उरलेल्या बोटभर जागेत, नकाशावर गावाचं नाव लिहावं तशा बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं: चाप एकदाच ओढला.

बंदूक विकायची का, ते तिने अजून ठरवलं नव्हतं. नवी खिटी करायला मला आठ-दहा दिवस लागतील असं सांगितलं. म्हणजे दुकान आणखी काही दिवस उघडं. रविवारी काकांकडे येऊन हेच सगळं त्यांच्यापुढे सांगाल का, असं तिने विचारलं. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी येईन म्हटलं.

ती निघाली. दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लागल्याचं बघितलं. चार पावलं गेली आणि परत आली, पुन्हा कडी हलवून बघितली. काचेतून मला तिचा हात दिसत होता, तेच बोट कडीवर. काल याच गोष्टीची मला चीड आली होती. आज मी टेबलाशी उभा राहून बघत होतो, आणि मला कळत होतं की हेही माझ्याच हातचं काम आहे, त्याच कानशीचं, आणि याची नवी खिटी मला करता येत नाही.